सकाळच्या एका तासात चार आंघोळी: गिझर निवडण्याआधीचा हिशेब

घरात माणसं किती, हे विचारून गिझर घेऊ नका. सकाळी सहा ते सातमध्ये आंघोळी किती, ते मोजा.

नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १८ अंश धरा. २० लिटरची बादली ४० अंशांची हवी आणि गिझर ६० वर असेल, तर त्यातलं साडेदहा लिटर पाणी गिझरचं. गिझरच्या टाकीत २५ लिटर असले तरी वरून गरम निघतं तसं खालून थंड शिरतं. म्हणून दोन बादल्या व्यवस्थित मिळतात, तिसरी कोमट. २ किलोवॅटच्या कॉइलला टाकी पुन्हा तापवायला ३५ ते ४० मिनिटं लागतात. चार आंघोळींसाठी दोन बाथरूममध्ये २५ लिटरचे दोन गिझर लागतील.

३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर (वाहतं पाणी लगेच तापवणारा) मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. बादलीला दहा मिनिटं! तो स्वयंपाकघरातच ठेवा.

मिनिटाला ६ लिटरचा गॅस गिझर बादली साडेतीन मिनिटांत भरतो, तीही न थांबता. बादलीमागे साधारण ५० ग्रॅम गॅस जातो. पण तो बाथरूमच्या आत बसवू नका, झरोका असला तरी. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि बंद दारामागे माणूस बेशुद्ध पडल्याचं बाहेर कळतही नाही. मोकळ्या बाल्कनीतच लावा. गच्चीवरची टाकी गिझरपेक्षा दोन-तीन मीटरही उंच नसेल तर दाब पुरत नाही आणि तो पेटतच नाही. वरच्या मजल्यावर हीच तक्रार असते.

स्वतःची गच्ची असेल तर आमचा कौल सोलर वॉटर हीटरला: २०० लिटर, तोंड दक्षिणेला, कल ३० ते ३५ अंश. आपलं अक्षांश २१, पण हिवाळ्यात सूर्य खाली असतो म्हणून कल जास्त. थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी. अर्ध्या इंची पाइप २० मीटर असेल तर दर वेळी अडीच लिटर थंड पाणी आधी निघतं. पाइप छोटा ठेवा, वर इन्सुलेशन चढवा. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांसाठी १५ लिटरचा विजेचा गिझर जोडीला हवाच, दोन्ही लाइनींना वेगळे व्हॉल्व्ह देऊन.

बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षारांचा थर बसतो, पाणी उशिरा तापतं, आतून कडकड आवाज येतो. थर्मोस्टॅट ६० च्या वर नेऊ नका आणि टाकी गंजू नये म्हणून ॲनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी धातूची कांडी) वर्षातून एकदा तपासा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून कुणी त्याचं तोंड बंद करतं. तसं कधीच करू नका, वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो.

वायरिंग: २ किलोवॅटला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३ ला ४ ची, १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (जास्त विजेला आपोआप पडणारा स्विच), पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). एक्स्टेन्शन बोर्डवर गिझर लावायचा नाही.