युकुलेलेवरचं खुशीचं गाणं: पट्टी, लय आणि उतरत्या पायऱ्या

डोंबिवलीत मी गेली २२ वर्षं पेटी शिकवते. भाची परदेशी शिकायला गेली आणि जाताना तिचं छोटं सोप्रानो युकुलेले माझ्या पेटीवर ठेवून गेली, तेव्हापासून तेही शिकवू लागले. शनिवारी येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक गाणं शिकवतेच: ‘फाइव्ह फूट टू, आइज ऑफ ब्ल्यू’. अमेरिकेत १९२५ साली आलेलं, रे हेंडरसन यांच्या नावावरची चाल. तेव्हा तिकडे घरोघरी युकुलेले वाजत होतं. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची माणसं १८७९ मध्ये जहाजाने हवाईला पोचली, त्यांच्या चार तारांच्या छोट्या वाद्यातून हे जन्मलं. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेने ते उचलून धरलं.

आधी लय. जुनं रेकॉर्डिंग लावा आणि पायाने ठेका धरा. मोबाइलवरचं लय मोजणारं ॲप मिनिटाला कधी ९० ठोके सांगतं, कधी १८०, आणि मुलं गोंधळतात. दोन्ही बरोबरच असतात. गाणं चार-चार मात्रांत मोजलं तरी नाचणाऱ्याचा पाय त्या चारांत दोनदाच पडतो. ॲप कधी मात्रा मोजतं, कधी पाय. माझी पद्धत साधी आहे. चार मात्रांचा एक बार, आणि गाण्याचा एक पूर्ण फेरा ३२ बारांचा, म्हणजे १२८ मात्रांचा. घड्याळ लावून एक फेरा मोजा आणि ७६८० ला तितक्या सेकंदांनी भागा. ४८ सेकंद लागले तर लय मिनिटाला १६० मात्रा.

मी १६० वरच थांबते, त्याला कारण आहे. एका गणेशोत्सवात सोसायटीच्या कार्यक्रमासाठी मी हे गाणं २०० ला बसवलं होतं. जितकं जलद तितकं आनंदी, असं तेव्हा मला वाटायचं. गाणारी मुलगी अकरा वर्षांची. दुसऱ्या फेऱ्यात तिला श्वास पुरेना, शब्द तोंडातच राहिले, आणि ती स्टेजवरून उतरली ती डोळे पुसतच. चूक माझी होती. गाण्यातली खुशी नेमकी कशात आहे, हे मी शोधलंच नव्हतं.

ती कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीच्या, क्रमात आहे. सी, मग ई सेव्हन, ए सेव्हन, डी सेव्हन, जी सेव्हन आणि परत सी. पेटीवाल्यांनी पांढरी एकला, म्हणजे सीला, सा धरून हे वाजवून बघा. ई सेव्हनमध्ये कोमल ध येतो, ए सेव्हनमध्ये प, डी सेव्हनमध्ये तीव्र म, जी सेव्हनमध्ये शुद्ध म, आणि सीवर आलात की ग. एकेक सूर खाली उतरत माणूस घरी येतो. चाल नुसत्या शुद्ध स्वरांची असती तर गोड वाटली असती, पण अशी खट्याळ झाली नसती. तो कोमल ध अनपेक्षित येतो, जरा वेळ लोंबकळतो आणि मग सगळं आपोआप सुटत जातं.

हे बोटांखाली प्रत्यक्ष दिसतं. तारा नाकाकडून जमिनीकडे जी, सी, ई, ए अशा लावलेल्या असतात. त्याच क्रमाने फ्रेट, म्हणजे मानेवरच्या पट्ट्यांचे आकडे, लिहिते (० म्हणजे मोकळी तार): सी ०००३, ई सेव्हन १२०२, ए सेव्हन ०१००, डी सेव्हन २२२३, जी सेव्हन ०२१२. आता फक्त ती पायरी ऐका. नाकाकडच्या तारेवर पहिला फ्रेट दाबलेला, मग तीच तार मोकळी. पुढे ई च्या तारेवर दुसरा फ्रेट, पहिला, आणि मोकळी. मुलांना मी आठवडाभर एवढे पाचच सूर छेडायला लावते, पूर्ण कॉर्ड नंतर. ज्या लयीत हे पाच सूर स्पष्ट ऐकू येतात ती तुमची लय. सुरुवातीला ती ८० असेल तर ८०. मधल्या आठ बारांत ई सेव्हनपासून जी सेव्हनपर्यंत हेच चार कॉर्ड येतात, प्रत्येकी दोन बार. तिथे घाई करू नका.

पट्टी शोधताना एक लक्षात ठेवा. जुन्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनीच फिरायच्या असं नाही. ७८ ऐवजी ८० ने फिरली तरी सूर पांढरी एक आणि काळी एक यांच्या जवळपास मधोमध येतो. तुमचा कान चुकला असं समजू नका. रेकॉर्डिंगचा वेग थोडा हलवा किंवा वाद्यच तसं लावून घ्या. त्या काळच्या छापील गाण्यांवर बऱ्याचदा तारा एक सूर वर लावायला सांगितलेलं असतं: ए, डी, एफ शार्प, बी. बोटं सीचीच, पण सूर पांढरी दोनचा. तारा ताणल्या की छोटं सोप्रानो फार छान खणखणतं. गाणाऱ्याला पांढरी चार (एफ) सोयीची असेल तर एफ, ए सेव्हन, डी सेव्हन, जी सेव्हन, सी सेव्हन, एफ असा क्रम घ्या. तोही हाताला सोपा आहे.

आता उजवा हात. तर्जनीचं नख खाली येताना, बोटाचं पेर वर जाताना, आणि तेही मान जिथे खोक्याला मिळते तिथे, भोकावर नाही. प्रत्येक मात्रेचे मनात तीन भाग करा. पहिल्यावर हात खाली, तिसऱ्यावर वर. आपल्याला समेवर वजन द्यायची सवय असते. इथे वजन दोनवर आणि चारवर. मी मुलांना वाद्य बाजूला ठेवून आधी तशा टाळ्या वाजवायला लावते, आणि तेच सगळ्यात अवघड जातं. दोन-चारच्या त्या आघातानंतर डाव्या हाताचा दाब किंचित सैल सोडा, म्हणजे आवाज तिथेच तुटेल. जीची तार वरच्या सप्तकातली असल्याने हात खाली आला तरी शेवट उंच सुरावर आणि वर गेला तरी उंच सुरावर. खर्ज नाहीच, त्यामुळे गाणं जमिनीला चिकटत नाही. म्हणून खालच्या जीची जाड तार मी या गाण्यासाठी लावू देत नाही.

शेवटची ओळ तीनदा म्हणायची: डी सेव्हन, जी सेव्हन, आणि दोनदा सीवर न येता परत ए सेव्हनला जायचं. तिसऱ्यांदा सी, एकच आघात, आणि लगेच तळहात चारही तारांवर.