चाकाचं बेअरिंग बदललं, तरी आवाज तोच? या चुका टाळा

बेअरिंग बदलून गाडी रस्त्यावर काढली, वेग वाढवला आणि तोच घूंऽऽ असा घुमणारा आवाज पुन्हा सुरू. अशा वेळी पहिला संशय मालावर जातो: डुप्लिकेट असेल. असूही शकतं, पण त्याआधी तीन शक्यता तपासा. बेअरिंग गेलेलंच नव्हतं, गेलं होतं ते दुसऱ्या चाकाचं, किंवा नवं बसवतानाच त्याला मार बसला.

टायरचा आवाज बेअरिंगच्या माथी मारणं

ही सगळ्यात मोठी चूक, कारण दोन्ही आवाज वेगाबरोबर वाढतात. फरक असा की टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर आलात आणि आवाजाचा सूर पालटला, तर आधी टायर बघा. ट्रेडवरून (टायरच्या नक्षीवरून) हात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर आवाज तिथलाच आहे. तरीही खात्री नसेल तर पुढची चाकं मागे टाकून बघा. आवाज चाकांबरोबर मागे गेला, तर बेअरिंगला हात लावायचं कारण नाही.

अगदी कमी वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट्-कट् वाजत असेल तर ते सीव्ही जॉइंटचं (चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याच्या सांध्याचं) काम. बेअरिंग सहसा असं वाजत नाही.

बाजू ओळखण्यात गफलत

मोकळ्या रस्त्यावर लांबट वळण घेताना कान द्या. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर येतो. त्यामुळे डावीकडे वळताना आवाज वाढला तर बहुतेक वेळा दोषी उजवं बेअरिंग असतं. ‘बहुतेक वेळा’ म्हणायचं कारण, आवाज गाडीच्या सांगाड्यातून प्रवास करतो आणि पुढचं चाक वाजतंय की मागचं, हे आत बसून सांगणं अवघड जातं.

म्हणून माझा भरवसा हाताच्या तपासणीवर. गाडी सपाट जागेवर जॅकने उचला, स्टँडवर टेकवा, जमिनीवरच्या चाकांना ठोकळ्याची उटी लावा आणि गिअर न्यूट्रल ठेवा. एक हात सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवा. चांगल्या बेअरिंगला स्प्रिंगमध्ये काहीच जाणवत नाही. खराब असेल तर बारीक खरखर थेट बोटांपर्यंत येते, कानाला काही ऐकू येत नसलं तरी. पलीकडच्या बाजूचं चाकही असंच तपासा, म्हणजे फरक कळतो.

‘चाक हलत नाही, म्हणजे बेअरिंग ठीक’

चाक वर-खाली धरून हलवायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण तिचा अर्थ अर्धाच लावला जातो. बेअरिंग चांगलंच घुमू लागलं तरी प्ले (चाकाची ढिली हालचाल) शून्य असू शकतो. उलट, प्ले आहे म्हणून बेअरिंगच गेलं असंही नाही, कारण बॉल जॉइंट झिजला तरी चाक तसंच हलतं. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर सस्पेन्शनचे जॉइंट. फक्त आडवं धरूनच हलत असेल तर टाय रॉड (स्टिअरिंगचा दांडा) बघा.

हातोडा

नव्या बेअरिंगचा खरा जीव इथे जातो. नकलमध्ये (सस्पेन्शनच्या ज्या भागात बेअरिंग बसतं त्यात) बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर (बॉल जिच्यावर फिरतात त्या कडीवर) हवा. नंतर त्यात हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) दाबताना बेअरिंगच्या आतल्या रेसला खालून आधार हवा. हे उलटं झालं की सगळा जोर बॉलमधून जातो आणि रेसवर बॉलच्या अंतराअंतराने बारीक खड्डे पडतात. डोळ्यांना सगळं नवं कोरं दिसतं, पण गाडी पहिल्याच फेरीत गुणगुणायला लागते. हातोड्याचं काम जुनं काढताना, तेही बेतानेच. बसवायला प्रेस किंवा स्क्रूचा पुलर, आणि योग्य मापाच्या रिंगा.

जुनं काढताना आतल्या रेसचा अर्धा भाग हबवरच अडकून राहतो. तो ग्राइंडरने पूर्ण कापायला जाऊ नका. थोडी खाच पाडा आणि छिन्नीने फोडा. हबच्या दांड्यावर ओरखडा किंवा घसरल्याची खूण दिसली, तर हबही बदला. नकलचं भोक गंज काढून स्वच्छ करा आणि सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी रिंग) खोबणीत पूर्ण बसली का ते बघा. ब्रेकचा कॅलिपर त्याच्या होजवर (नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकी पट्टा असतो. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. उलटं बसवलं तर बेअरिंग शांत राहील, पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागेल आणि सगळं पुन्हा उघडावं लागेल. बाजू ओळखायला चुंबकीय क्षेत्र दाखवणारं साधं कार्ड मिळतं. तो पट्टा चुंबकी ट्रेमध्ये मात्र ठेवू नका.

अॅक्सल नट अंदाजाने कसणं

हबमधून बाहेर येणाऱ्या दांड्यावरचा हा नट इम्पॅक्ट गनने ‘घट्ट झाला’ म्हणजे काम झालं, असं नाही. बेअरिंगच्या दोन्ही आतल्या रेस एकमेकींवर किती दाबाने बसतात, हे या नटवर ठरतं. बऱ्याच गाड्यांत हा टॉर्क (नट कसण्याचा जोर) 200 न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून बराच जास्त असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या आणि नट नवा वापरा. नट पूर्ण कसला नसताना गाडी ढकलू नका. सैल बेअरिंगवर गाडीचं वजन आलं की नुकसान तिथेच होतं.

टेपर रोलर बेअरिंगचा (बॉलऐवजी निमुळते रोलर असलेल्याचा) हिशेब मात्र उलटा आहे. तिथे चाक फिरवत नट आवळायचा, मग सैल करून अगदी किंचित, साधारण 0.03 ते 0.13 मिलिमीटर प्ले ठेवायचा. नट आवळून ठेवला तर बेअरिंग तापून जळतं. बाहेरचा कप (बाहेरची रेस) जुना ठेवून फक्त रोलरचा भाग नवा टाकणं हीही नेहमीची काटकसर, आणि ती महागात पडते. जोडी एकत्र बदला, जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा आणि सील व स्प्लिट पिन नवीच लावा.