चालढकल मोडायची तर आधी काम अडलंय कुठं ते शोधा

पहाटे पाचला उठा, डायरी लिहा, मोबाईल लांब ठेवा. चालढकलीवर असले सल्ले देणाऱ्यांनी एकदा 31 जुलैच्या आसपास मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याला सेवा केंद्रात, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, येऊन बसावं. पीक विम्याची मुदत संपत आलेली, सर्व्हर लटकलेला, ओटीपी मुलाच्या मोबाईलवर गेलेला आणि मुलगा पुण्याला. त्या रांगेतला जवळजवळ प्रत्येक जण पहाटे उठून धारा काढून आलेला असतो. लवकर उठण्याचा आणि काम वेळेत करण्याचा काडीचा संबंध नाही.

माझं असंच एक केंद्र आहे. लोकांची तुंबलेली कामं हाच माझा धंदा, त्यामुळं जे सांगतो ते बघून सांगतो.

साचलेली कामं एका कागदावर लिहून काढा. वहीचं मागचं पान चालतं. त्यासाठी चांगलं ॲप शोधत बसलात तर ती चालढकलच झाली. ज्यांना मुदत आहे ती कामं रडतखडत का होईना, होतात. ज्यांना कुणीच मुदत दिलेली नाही ती वर्षानुवर्षं पडून राहतात: सातबाऱ्यावरची वारस नोंद, आईच्या डोळ्यांची तपासणी, भावकीतला जुना हिशेब. यातलं एकच निवडा.

आता खरी पायरी. हे काम नेमकं कुठं अडलंय ते शोधायचं. बहुतेक सल्ल्यांत ही पायरीच नसते, म्हणून ते सल्ले टिकत नाहीत.

वारस नोंदीचंच घ्या. वडील जाऊन तीन-चार वर्षं झालेली असतात. का नाही केली विचारलं की ठरलेलं उत्तर, "टाइमच मिळंना हो दादा." वेळ कशाला लागतो? मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ म्हणजे खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा, आधार, वारसांचं प्रतिज्ञापत्र. अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवर घरबसल्याही करता येतो. पुढं तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, नोटीस काढतात, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावातला बदल, मंजूर करतात. यात तुमचा वेळ फार तर एका दुपारचा. हे सगळं सांगून झालं, चहा आला, की माणूस हळूच खरं बोलतो, "ताईचं नाव लागंल का हो? तिला कसं विचारावं?"

अडलंय ते इथं. कागदाचा, वेळेचा काही प्रश्न नाही, ताईला लावायच्या फोनचा आहे. आणि खरं म्हणजे विचारण्यासारखं तिथं काही नाहीच. वारस नोंदीत बहिणीचं नाव येणारच, 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क भावाच्या बरोबरीचा आहे. हक्कसोड, म्हणजे तिनं आपला वाटा सोडणं, हा वेगळा दस्त. तो दुय्यम निबंधकाकडं नोंदवावा लागतो आणि करायचा की नाही हे तिनं ठरवायचं. म्हणजे फोन फक्त कळवायचा होता. तो न केल्यामुळं शेत अजून मेलेल्या माणसाच्या नावावर.

तुमच्या कामाला स्वतःच दोन प्रश्न विचारा. आत्ता उठलो तर पहिल्यांदा हात कशाला लागेल? आणि ते करताना कुणाचा चेहरा समोर येतो? उत्तर बहुतेक वेळा तीनातलं एक निघतं: एखादा माणूस, एखादी रक्कम, किंवा सापडणारच नाही अशी भीती असलेला एखादा कागद. "वेळ नाही" असं उत्तर आलं तर ते खोटं समजा आणि पुन्हा विचारा. चालढकलीवर बरीच वर्षं संशोधन केलेले कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल हेच सांगतात: माणूस कामाला टाळत नाही, त्या कामानं मनात जे नकोसं उठतं त्याला टाळतो.

इथं एक इशारा. अडलेली जागा सापडली की तिच्या भोवतीची सोपी कामं करायचा मोह होतो. फाइल आणणं, प्लास्टिकचं फोल्डर घेणं, "ओळखीच्या कुणाला तरी विचारून बघतो" म्हणणं आणि झेरॉक्स. पाच-पाच प्रती काढून नेणारी माणसं मला तोंडपाठ आहेत. माझा गल्ला भरतो, त्यांचं काम तिथंच. मलाही हीच पायरी जड जायची. उधारीचे फोन लावायच्या आधी मी वही नव्यानं लिहून काढायचो. वही देखणी व्हायची, पैसे यायचे नाहीत. म्हणून आता नियम एकच: नकोसा फोन आधी, झेरॉक्स नंतर.

पुढचं सोपं आहे. "उद्या करतो" म्हणू नका, रोजच्या एखाद्या कामाला बांधा: सोमवारी धारा झाल्या की ओट्यावर बसून ताईला फोन. असं "अमुक झालं की तमुक" ठरवणाऱ्यांच्या हातून काम जास्त होतं, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं 1999 मध्ये मांडलं. तलाठ्याकडं जायचं असेल तर आधी फोन करा; एका सजात, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, बऱ्याचदा एकाहून जास्त गावं असतात, हेलपाटा पडला की काम पुन्हा महिनाभर मागं जातं.

सोमवार हुकला तर मंगळवारी करा. स्वतःला शिव्या देऊ नका आणि घरच्यांनीही टोमणे मारू नयेत. कॅनडातल्याच एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा 2010 चा अभ्यास आहे: पहिल्या परीक्षेला केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेला कमी चालढकल केली.

"मला शेवटच्या दिवशीच हुरूप येतो" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. शेवटच्या दिवशी सर्व्हरही लटकतो, तेवढं त्यांनी ध्यानात ठेवावं.

एक मात्र आहे. प्रत्येक थांबणं चालढकल नसतं. मृगाचा एक शिंतोडा पडला की शेजारी तिफण काढतो आणि तुम्हाला आळशी म्हणतो. म्हणू द्या. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, दुबार पेरणीचा खर्च शेजारी देणार नाही. फक्त ते दिवस रिकामे घालवू नका, बियाणं उगवतं का ते तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळीत शंभर दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा आणि आठवडाभरात कोंब मोजा. सत्तरच्या खाली आले तर बियाणं बदला, नाहीतर एकरी प्रमाण वाढवा.