शारीरिक शिक्षणात गुण नेमके कशाचे द्यावेत?

स्टॉपवॉच कोणाची बाजू घेत नाही, म्हणून सेकंदांवरून दिलेले गुण निःपक्षपाती असतात, असा अनेक शिक्षकांचा प्रामाणिक समज असतो. स्टॉपवॉच वेळ अचूक सांगते हे खरे. परंतु ती वेळ विद्यार्थी काही शिकल्यामुळे आली, की त्याची उंची यंदा झपाट्याने वाढल्यामुळे आली, हे ते सांगत नाही. मुलींची उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ सरासरी १२ व्या वर्षाच्या आसपास आणि मुलांचा १४ व्या वर्षाच्या आसपास येतो, आणि प्रत्यक्षात कोणाला तो एक-दोन वर्षे आधी गाठतो, कोणाला नंतर. शिवाय एकाच वर्गातील दोन मुलांच्या जन्मतारखांमध्ये जवळजवळ वर्षभराचे अंतर असू शकते, जे दहाव्या वर्षी आयुष्याच्या सुमारे दहाव्या भागाइतके असते. म्हणून गुणदानाची योजना आखताना पहिला प्रश्न हा विचारावा: मी ज्याला गुण देणार आहे ते मी वर्गात शिकवले आहे का, आणि मिळालेल्या तासिकांमध्ये विद्यार्थ्याला ते सरावाने बदलता येण्याजोगे होते का? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर ती बाब गुणपत्रकात घेऊ नये.

या कसोटीवर सर्वांत आधी बाद होतात त्या क्षमता चाचण्या. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडलेली १२ मिनिटांच्या धावेची चाचणी अमेरिकी हवाई दलातील प्रौढ जवानांसाठी होती. वीस मीटर अंतरावर ये-जा करायला लावणारी ‘बीप टेस्ट’ साधारणपणे ताशी ८.५ किलोमीटर वेगाने सुरू होते आणि दर मिनिटाला हा वेग ताशी ०.५ किलोमीटरने वाढतो. दोन्ही चाचण्या हृदय व फुप्फुसांच्या क्षमतेचा चांगला अंदाज देतात. पण आठवड्यातून दोन तासिकांत ही क्षमता फारशी बदलत नाही, आणि ती काही अंशी उपजतही असते. ‘फिटनेसग्राम’ ही शालेय मुलांसाठीची चाचणीमालाही मुलांची आपसांत तुलना न करता आरोग्याच्या दृष्टीने पुरेशा पातळीशी करते, आणि तिच्या निकालांवरून श्रेणी देऊ नये असेच तिच्या मार्गदर्शनात सांगितलेले आहे. तेव्हा या चाचण्या जरूर घ्याव्यात, निकाल ज्याचा त्याला द्यावा, त्यावरून पुढचे उद्दिष्ट त्यालाच ठरवू द्यावे. गुण मात्र देऊ नयेत. वजन आणि बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा आकडा) यांचा तर गुणांशी काडीचाही संबंध नसावा, आणि ते आकडे सर्वांसमोर मोठ्याने वाचणे पूर्णपणे टाळावे.

मग उरते काय? पुष्कळ उरते. शंभरपैकी निम्मे गुण कौशल्याला, पंचवीस नियम समजणे व खेळताना योग्य निर्णय घेणे याला आणि पंचवीस सरावाच्या नोंदवहीला, अशी वाटणी मला व्यवहार्य वाटते. कौशल्याचे निकष मात्र डोळ्यांना दिसतील अशा शब्दांत लिहिलेले हवेत. ‘सर्व्हिस चांगली करतो’ हा निकष नव्हे, ते मत झाले. व्हॉलीबॉलची अंडरहँड सर्व्हिस घेतली, तर उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा पाय पुढे आहे का, चेंडू हातातून सोडल्यानंतरच फटका बसतो का, मारणारा हात मागून सरळ पुढे येतो का आणि फटक्यासोबत शरीराचा भार पुढच्या पायावर जातो का, या चार गोष्टी कोणीही पाहून सांगू शकेल. दहा प्रयत्नांपैकी किती वेळा चारही गोष्टी जमल्या, यावरून श्रेणी ठरवावी, आणि हा तक्ता घटक सुरू होण्याच्या दिवशीच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. हात अजून बारीक असल्यामुळे ज्याचा चेंडू जाळीपर्यंत पोहोचत नाही, त्याला जाळीजवळून किंवा हलक्या चेंडूने सर्व्हिस करू द्यावी. निकष तेच राहतात. व्हीलचेअरवरील विद्यार्थ्यासाठी पायांच्या स्थितीऐवजी खुर्चीची दिशा व स्थिरता पाहावी.

येथे एक आकर्षक मार्ग समोर येतो, तो म्हणजे प्रगतीला गुण देणे. सुरुवातीची कामगिरी नोंदवायची, अखेरची नोंदवायची आणि फरकावर श्रेणी द्यायची. कागदावर हे न्याय्य दिसते, पण मुले हिशेबात आपल्यापेक्षा चलाख असतात: दुसऱ्या सत्रापासून पहिल्या चाचणीत निम्मा वर्ग मुद्दाम रेंगाळू लागतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जी मुलगी आधीच उत्तम खेळते, तिला वाढायला जागाच उरत नाही, आणि पाच सेंटिमीटर जास्त लांब उडी मारणारा नवशिका व तेवढीच वाढ मिळवणारी अनुभवी खेळाडू यांचे श्रम सारखे नसतात. म्हणून प्रगती आकड्यांच्या फरकातून न मोजता नोंदवहीतून पाहावी. विद्यार्थ्याने स्वतःची कोणती चूक ओळखली, ती सुधारण्यासाठी कोणता सराव निवडला आणि काय बदलले, या तीन प्रश्नांची दोन-दोन ओळींत दिलेली उत्तरे पुरेशी आहेत. ज्याचे भाषेवर प्रभुत्व नाही त्याची उत्तरे तोंडी घ्यावीत. येथे निबंधाची परीक्षा चाललेली नाही.

निरीक्षण हे एका दिवसात उरकण्याचे काम नाही. चाळीस जणांच्या वर्गात एका तासिकेला पाच-सहा विद्यार्थीच पाहावेत, बाकीचे सरावात गुंतलेले असावेत, आणि नोंद तिथल्या तिथे करावी, कारण संध्याकाळी आठवून दिलेले गुण बहुधा संघातील खेळाडूंच्या पारड्यात पडतात. शक्य असल्यास चार-पाच विद्यार्थ्यांचे चित्रीकरण सहकारी शिक्षकाला दाखवून त्याने स्वतंत्रपणे दिलेल्या श्रेणी आपल्या श्रेणींशी ताडून पाहाव्यात. जिथे तफावत पडेल तिथे बहुतेक वेळा निकषाची शब्दरचना सैल असते.

गणवेश, बूट, वेळेवर येणे आणि शिस्त यांची नोंद जरूर ठेवावी, पण वेगळ्या रकान्यात. बूट विसरल्याबद्दल सर्व्हिसचे गुण कापले, तर त्या श्रेणीचा अर्थ पालकांना कळत नाही आणि विद्यार्थ्यालाही कळत नाही. आजारपण, दुखापत किंवा मासिक पाळीतील त्रास यांमुळे हुकलेल्या निरीक्षणासाठी घटकाच्या शेवटी एक-दोन तासिका आधीपासूनच राखून ठेवाव्यात, आणि त्यांसाठी कारण सर्वांसमोर सांगावे लागणार नाही अशी सोय करावी.