व्हॅनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून मॅन्युअल बसवायचा असेल तर

कुडाळच्या माझ्या गॅरेजात ऑटोमॅटिक गाडी झटके मारते म्हणून आली की मी आधी डिपस्टिक काढतो. ऑईल काळं आणि जळका वास येत असेल, तर आतल्या क्लच प्लेटा गेल्या. दुधाळ गुलाबी असेल, तर पाणी शिरलंय: रेडिएटरमधला ऑईल कूलर आतून फुटला असेल, नाहीतर पावसात भरलेल्या ओहोळातून गाडी काढली असेल. त्या प्लेटांचं अस्तर चिकटवलेलं असतं, पाण्याने ते सुटतं. पण ऑईल लालभडक आणि स्वच्छ असेल तर थांबा. गिअरबॉक्सवरचे कनेक्टर उघडून बघा. आपल्या खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात, अर्थिंगची वायर गंजते आणि चांगला बॉक्स बिघडल्यासारखा वागतो. असल्या गाडीचा बॉक्स मी बदलत नाही, तुम्हीही बदलू नका.

बॉक्स खरंच गेला असेल, तर पुढचं मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅनबद्दल. तुमच्याच इंजिनाची मॅन्युअल गाडी कंपनीने काढली होती का, हे आधी शोधा. नसेल तर हा नाद सोडा; अ‍ॅडॉप्टर प्लेट बनवून जुळवलेला बॉक्स घाटात माणसं घेऊन जायच्या लायकीचा मी मानत नाही. असेल तर एकाच गाडीचा सगळा संच घ्या. बॉक्स, बेल हाउसिंग, फ्लायव्हील त्याच्या बोल्टांसकट, स्टार्टर, क्लचचे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, पेडलचा पूर्ण सांगाडा, क्रॉस मेंबर, प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा), इंजिनाचा ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणि त्याच्या जोडीची किल्ली. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मात्र नवीनच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा कोल्हापुरात जुना माल बघताना बॉक्सचं ऑईल तिथेच थोडं काढून बघा. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हासारख्या पुरातून निघालेल्या गाडीचा बॉक्स वरून कितीही पुसलेला असला तरी नको. प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळत नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कापून, जोडून, बॅलन्स करून घ्या.

कागदाचं कामही आधीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला कळवा.

गाडी उचलताना लोखंडी स्टँडच लावा. आपल्याकडे सवयीने जांभ्या दगडाचे चिरे लावतात. चिरा भाराखाली अचानक फुटतो आणि तुम्ही खाली झोपलेले असता. बॅटरीची निगेटिव्ह काढा, ऑईल काढा, शाफ्ट सोडवा. स्टार्टर काढला की त्या खिडकीतून टॉर्क कन्व्हर्टरचे (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) बोल्ट दिसतात. इंजिन हाताने फिरवत एकेक सोडा. कन्व्हर्टर बॉक्सबरोबरच बाहेर यायला हवा, आणि तो ऑईलने भरलेला असल्यामुळे जड असतो.

आता खरं काम. क्रँकच्या मागच्या तोंडात पायलट बेअरिंग बघा. ऑटोमॅटिक इंजिनात ते बहुधा नसतं; ते न बसवता बॉक्स चढवला तर इनपुट शाफ्टला पुढून आधार राहत नाही. फ्लायव्हीलला जुन्या फ्लेक्स प्लेटचे (कन्व्हर्टर जिला जोडलेला असतो ती पातळ प्लेट) बोल्ट चालवू नका, ते बहुतेक वेळा आखूड असतात. बोल्ट टॉर्क पान्यानेच, सर्व्हिस मॅन्युअलच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे आवळा. फ्लायव्हीलचा चेहरा थिनरने पुसा, मग त्याला बोटही लावू नका. क्लच प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. मधोमध बसवायला अलाइनमेंट टूल वापरा. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला, म्हणजे त्यावरच्या खाचांना, ग्रीसचा फक्त हात फिरवा, जास्त झालं तर उडून प्लेटवर जातं. बॉक्स जॅकवर सरळ रेषेत आणा. डॉवेलवर, म्हणजे जागा धरणाऱ्या खुंट्यांवर, तो हाताच्या दाबाने शेवटपर्यंत बसला पाहिजे. बोट शिरेल एवढी फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवू नका, बॉक्सचा कान तुटतो. मागे घ्या, प्लेट पुन्हा मधोमध करा. आणि बॉक्स इनपुट शाफ्टवर लोंबकळत ठेवून चहाला जाऊ नका, तेवढ्यात प्लेट वाकते.

पेडल बसवायला फायरवॉलवर मॅटखाली बहुधा बंद केलेली भोकं सापडतात. ब्रेकचं रुंद पेडल काढून मॅन्युअलचं अरुंद लावा. क्लचच्या लाइनमधली हवा पूर्ण काढा.

वायरिंग माझा धाकटा भाऊ बघतो. ऑटोमॅटिक गाडी फक्त 'पी' (पार्क) किंवा 'एन'मध्ये (न्यूट्रल) स्टार्ट होते. त्या स्विचची वायर नुसती जोडून देऊ नका, क्लच पेडलच्या स्विचवरून न्या. नाहीतर गिअरमध्ये असलेली गाडी किल्ली फिरवताच उडी मारते. रिव्हर्स लाइटची वायर नव्या बॉक्सच्या स्विचला द्या. जुना ईसीयू ठेवला तर तो गिअरबॉक्सचे सिग्नल शोधत राहतो आणि इंजिनाचा जोर कमी करतो, म्हणून संचात ईसीयू मागितला. आमच्याकडे प्रत्येक जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवतो; नुसती पिळून टेप मारलेली वायर इथे एक पावसाळा काढत नाही.

गिअर ऑईल बॉक्सच्या माहितीपुस्तकात लिहिलंय तेच. ७५डब्ल्यू-९० जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-५ 'भारी' म्हणून ओतू नका, त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना खाऊ शकतात. फिलरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. ब्रीदरला (बॉक्समधली हवा जायच्या तोंडाला) रबरी नळी लावून वर इंजिन खोलीत न्या, म्हणजे ओहोळाचं पाणी आत येणार नाही.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिन ओरडतं पण गाडी धावत नाही, तर क्लच सरकतोय. पहिले ५०० किलोमीटर प्रवासी भरू नका, चढावर हाफ क्लचवर उभे राहू नका. त्यानंतर सावंतवाडीवरून आंबोली घाट चढा आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. घरी आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी त्यावर थेंब कुठे पडलाय ते बघा आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा.