पाळणाघर सुरू होण्याआधीचा महिना

जूनमध्ये मुलाला पाळणाघरात किंवा बालवाडीत घालायचं असेल, तर मेच्या मध्यावर तयारीला लागा. दीड ते तीन वर्षांच्या मुलाला चार आठवडे पुरतात. पण महिनाभर आधीपासून रोज ‘आता तू शाळेत जाणार हं’ म्हणू नका. या वयात ‘पुढच्या महिन्यात’ म्हणजे कधी ते कळत नाही, नुसती धास्ती बसते. शाळेचं बोलणं शेवटच्या आठवड्यात करा, तोवर फक्त सवयी बदला.

आधी झोप. रात्री अकराला झोपून सकाळी नऊला उठणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी एकदम सातला उठवलं, तर त्या दिवशीचं अर्धं रडणं झोपेचंच असतं. उठण्याची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. दोन तास मागे यायला 24 दिवस लागतात. सुरुवात सकाळपासूनच करा, कारण लवकर उठलेलं मूल रात्री आपोआप लवकर पेंगतं. पाळणाघरात दुपारी कधी निजवतात ते विचारून घरीही तीच वेळ ठेवा.

दुसरी सवय सर्वांत महत्त्वाची: आई-बाबा जातात आणि परत येतात, हे मुलाला अनुभवानं कळायला हवं. आजीकडे किंवा शेजारच्या काकूंकडे आधी पंधरा मिनिटं ठेवा, मग अर्धा तास, एक तास, दोन तास. जाताना सांगून जा, आणि वेळ घड्याळाची सांगू नका. ‘तुझा वरण-भात खाऊन झाला की मी येते’ हे मुलाला समजतं. मग वरण-भात संपायच्या सुमारास खरंच दारात हजर व्हा. खेळात गुंगलंय बघून हळूच सटकणं ही सगळ्यात नडणारी चूक. त्या दिवशी रडणं टळतं, पण आई कधीही नाहीशी होऊ शकते हे मूल शिकतं, आणि मग घरातसुद्धा पदर सोडत नाही.

घरातल्या मोठ्यांनाही प्रेमानं बजावून ठेवा: ‘ऐकलं नाहीस तर पाळणाघरात ठेवीन’, ‘बाई ओरडतील’ ही वाक्यं आता बंद.

डबा जो नेणार तोच घरी रोज मधल्या वेळेला द्या आणि त्याचं त्याला उघडू द्या. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा दोन वर्षांच्या बोटांना उघडत नाही, म्हणून दुकानातच उघडून बघा. पहिले पंधरा दिवस ओळखीचंच खाणं: घावन, मऊ थालीपीठाचे तुकडे, इडलीच्या फोडी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न डब्यात नकोत, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून द्या.

शी-शूसाठी घरी जो शब्द वापरता तो ताईंना सांगा. घरी मराठी आणि पाळणाघरात कन्नड किंवा इंग्रजी असेल, तर पाणी, भूक, शू, झोप, दुखतंय हे पाच शब्द कागदावर लिहून द्या. चड्डी इलॅस्टिकची असावी, नाडी-बटणं नकोत. डायपर सोडवायची मोहीम याच पंधरवड्यात काढू नका. एका वेळी एकच बदल पुरे.

पिशवीत कपड्यांचे तीन जोड, कारण पावसाळ्यात एक ओला झाला की दिवसभर वाळत नाही. ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी आणि रेनकोट हवा. सगळ्यावर नाव घाला. निजायचं दुपटं मात्र धुऊन कोरं पाठवू नका, घरात दोन रात्री वापरलेलं द्या. त्याला घरचा वास असतो आणि दुपारी तोच कामाला येतो. लसीकरणाचं कार्ड, ॲलर्जी आणि मुलाला न्यायला कोण येऊ शकतं याची फोटोसह यादी पहिल्याच दिवशी द्या.

पहिल्या आठवड्यात दोघांपैकी एकानं पाच दिवस रजा काढा. पहिल्या दिवशी तासभर, तुम्ही कोपऱ्यात बसून. दुसऱ्या दिवशी दीड तास, त्यात पंधरा मिनिटं तुम्ही बाहेर. तिसऱ्या दिवशी दोन तास एकटं, चौथ्या दिवशी जेवणापर्यंत. दुपारची झोप सर्वांत शेवटी, कारण अनोळखी जागी डोळे मिटायला विश्वास लागतो. पाळणाघर ऑफिसातच असेल तर हे सोपं जातं. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनात कायद्यानं पाळणाघराची सोय असावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं.

निरोप दोन मिनिटांत आटपा आणि रोज एकाच क्रमानं: चप्पल जागेवर, एक पापी, ताईंच्या हातात हात, टाटा. मागे फिरून पुन्हा कुशीत घेतलं की रडणं नव्यानं सुरू होतं. बहुतेक मुलं तुम्ही दिसेनासे झाल्यावर थोड्या वेळात शांत होतात. संध्याकाळी ताईंना ‘रडला का?’ एवढंच विचारू नका. किती वेळ रडला, कशानं थांबला, काय खाल्लं, शू किती वेळा झाली, ते विचारा.

दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा जड जाऊ शकतो. नवलाई संपते आणि हे रोजचंच आहे हे मुलाला उमगतं. सुट्टीनंतर सोमवारी रडणं पुन्हा तसंच. म्हणून मध्येच ‘आज राहू दे घरी’ करू नका. घरी आल्यावर चिडचिड, भोकाड, सुटलेली शू परत चड्डीत होणं, हे काही आठवडे चालतं. आल्याआल्या प्रश्न नकोत. पाणी, केळं आणि अर्धा तास मांडी द्या. सर्दी-तापही सुरुवातीला वारंवार येतो. औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तरच पाठवा, आणि त्या दिवसांत रजा कोण घेणार हे आधीच ठरवून ठेवा.

महिना उलटूनही मूल दिवसभर रडतंय, तिथे खात-पीत नाही, एका ठरावीक माणसाला बघून आक्रसतं किंवा अंगावर वळ दिसतात, तर ‘होईल सवय’ म्हणून थांबू नका. न सांगता भर दुपारी जाऊन या. पालकांना आत येऊ न देणाऱ्या पाळणाघरातून मूल त्याच दिवशी काढा.