खोक्यांतली गोल्ड स्टार बघायला जाताना

सुट्या करून विकायला काढलेल्या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलच्या फोटोत गॅरेजच्या फरशीवर पसरलेली सात-आठ खोकी, भिंतीला टेकवलेली फ्रेम, कोपऱ्यात दोन चाकं, आणि खाली एक ओळ: ‘बीएसए गोल्ड स्टार, डीबीडी३४ क्लबमन, ९५ टक्के पूर्ण.’ हे ९५ टक्के कुणी मोजले ते विचारायची सोय नसते. माझा अनुभव असा की उरलेल्या पाच टक्क्यांत नेमका अमल कंपनीचा शर्यतीचा जीपी कार्ब्युरेटर, आरआरटी२ या शर्यतीच्या गिअरबॉक्सच्या आतले गिअर आणि पुढचा १९० मिलिमीटरचा ब्रेक असतो. थोडक्यात, महाग ते सगळं.

बर्मिंगहॅमच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी दोघं यंदा अशी खोकी बघायला निघालेत. त्यांना फोनवर सांगितलं तेच इथे नीट लिहून ठेवतो. आधी एक खुलासा, कारण पुण्याहून येणारा प्रत्येक फोन इथेच अडतो. ही महिंद्राची गोल्ड स्टार नव्हे. महिंद्राच्या क्लासिक लेजंड्सने बीएसए हे नाव २०१६ साली घेतलं आणि १५ ऑगस्ट २०२४ला भारतात आली ती ६५० सीसीची नवी गाडी. आपली गोल्डी म्हणजे बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात १९५६ ते १९६३ दरम्यान बनलेली, ४९९ सीसीची, एका सिलिंडरची. तिच्या ३५० सीसीच्या बहिणीने आणि त्या बहिणीच्या आधीच्या मॉडेलांनी आयल ऑफ मॅन बेटावरची क्लबमन्स ज्युनियर टीटी ही हौशी स्वारांची शर्यत १९४९पासून १९५६पर्यंत दरवर्षी जिंकली. १९५६ला तर बर्नार्ड कॉडने ज्युनियर आणि सिनियर दोन्ही मारल्या. म्हणून आज प्रत्येकाला ‘क्लबमन’च हवी असते. आणि त्याच कारखान्यातून त्याच घराण्यातल्या रोजच्या वापराच्या साध्या बी३१ (साडेतीनशे) आणि बी३३ (पाचशे) ढिगाने बाहेर पडल्या होत्या. बी३३ला गोल्डीचे कपडे चढवणं फारसं अवघड नाही. सगळी गोम इथे आहे.

तयारी जायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करा, आदल्या रात्री नव्हे. विकणाऱ्याकडून इंजिन नंबरचा आणि फ्रेम नंबरचा फोटो मागवा, तोही तिरक्या उजेडात काढलेला. टॉर्च बाजूने मारली की ठोकलेल्या अक्षरांची खोली दिसते. समोरून फ्लॅश मारला तर काहीच कळत नाही. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे पेट्रोल जाळत जाऊ नका. इंजिनवर ‘डीबीडी३४जीएस’ आणि पुढे आकडे हवेत. फ्रेमवर मात्र ‘सीबी३२’ असेल. बीएसएच्या भाषेत ३४ म्हणजे पाचशे सीसी आणि ३२ म्हणजे साडेतीनशे, त्यामुळे पाचशेच्या इंजिनाखाली बत्तीसची फ्रेम बघून नवखा माणूस दचकतो. दचकू नका, ते बरोबर आहे. उलट इंजिन आणि फ्रेमचे आकडे तंतोतंत एकच निघाले तर दचका. कारखान्याने ते कधी जुळवले नव्हते. जुळवणारा नंतर आलेला असतो.

इंजिन आणि फ्रेमची मूळ जोडी खरी की खोटी हे धातू सांगत नाही, दफ्तर सांगतं. व्हिंटेज मोटरसायकल क्लबच्या ग्रंथालयात बीएसएच्या पाठवणीच्या नोंदी आहेत. कुठलं इंजिन कुठल्या फ्रेममध्ये बसून कारखान्याबाहेर पडलं आणि कुणाकडे गेलं ते तिथून कळतं. थोडी फी भरावी लागते, थोडं थांबावं लागतं. गोल्ड स्टार ओनर्स क्लबातले जुने लोक नुसता फोटो बघूनही पुष्कळ सांगतात, आणि खोचक सांगतात. उत्तर हातात आल्याशिवाय निघू नका. एका चांगल्या चाललेल्या सौद्यात मी ही पायरी गाळली होती. ते इंजिन नोंदीत दुसऱ्याच फ्रेमसोबत अमेरिकेला गेलेलं निघालं. गाडी वाईट नव्हती, पण मी जोडीचे पैसे मोजले होते.

पिशवीत काय घ्यायचं ते साधं आहे. चुंबक, व्हर्नियर, टॉर्च, छोटा आरसा, पोलादी पट्टी, सुती दोरा, चिंध्या, डिग्रीझरची बाटली, आट्यांचा गेज. या गाडीचे आटे मेट्रिक नाहीत. बहुतेक बोल्ट सायकल आट्यांचे, इंचाला २६. कुणी मेट्रिक बोल्ट दडपून बसवला असेल तर गेज लावताच कळतं आणि त्या माणसाने पुढे काय-काय केलं असेल याचा अंदाज येतो. भागांची छापील चित्रं असलेलं पार्ट्स बुक बरोबर हवंच, आणि प्रत्येक खोक्यासाठी एक कोरा कागद. शक्य असेल तर एक मित्र न्या. त्याचं काम एकच: तुमचे डोळे चमकायला लागले की तुम्हाला बाहेर नेऊन चहा पाजणं.

तिथे गेल्यावर खोकी उघडायचा मोह आवरा आणि पहिल्यांदा नंबरांपाशी बसा. इंजिन नंबर डाव्या क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या डाव्या अर्ध्यावर), सिलिंडरच्या बुडाच्या खाली असतो. तिथे चिंधी फिरवा, बोट फिरवा. ज्या सपाटीवर आकडे आहेत ती आजूबाजूच्या ओतकामापेक्षा खोल गेली आहे का, तिच्यावर कानशीचे ओरखडे आहेत का, अक्षरांच्या कडा कालच्यासारख्या चकचकीत आहेत का, ते बघा. मग क्रँककेस उलटी करा. दोन्ही अर्ध्यांवर खालच्या बाजूला जोडीचे आकडे ठोकलेले असतात, कारण त्यांचं मशीनिंग एकत्र व्हायचं. ते आकडे वेगळे असतील तर ती दोन इंजिनांची खिचडी आहे. क्रँककेसवर वेल्डिंग असेल तर लगेच नाक मुरडू नका. शर्यतीच्या इंजिनात कधीतरी कनेक्टिंग रॉड बाहेर डोकावतोच. वेल्डिंग कसं केलंय आणि त्यानंतर बेअरिंगची घरं पुन्हा मशीन केली का, हे विचारा.

सिलिंडरला चुंबक लावा. गोल्डीचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आत लोखंडी लायनर. चुंबक बाहेरून घसरेल, आतून चिकटेल. चंदेरी रंग दिलेला बी३३चा बिडाचा सिलिंडर मी एकदा प्रत्यक्ष पाहिलाय, रंग मात्र उत्तम होता. गोल्डीत पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची) वाट सिलिंडरच्या ओतकामातच असते, साध्या गाडीत तिची वेगळी नळी असते. ही खूण दहा फुटांवरूनही ओळखता येते. बोअर ८५ मिलिमीटर. व्हर्नियरने वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं मोजा. लायनर आधीच किती ओव्हरसाइझ गेलाय त्यावर पुढचा रिबोअर (बोअर कापून मोठं करणं) होणार की नवा लायनर लागणार ते ठरतं.

फ्रेमची उजवी खालची नळी बघा. ऑइल पंपाला जागा मिळावी म्हणून गोल्डीत ती वाकवलेली असते, साध्या बी३३मध्ये सरळ. घरी तापवून वाकवलेली नळी आतल्या अंगाला सुरकुतते, तिथे बोट फिरवलं की कळतं. मग दोरा ताणून मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यापासून स्टिअरिंगच्या मानेपर्यंत सरळपणा बघा. शर्यतीत पडलेल्या गाडीच्या मानेखालचे स्टिअरिंगचे टेकू (हँडल जादा वळू न देणारे स्टॉप) चेपलेले असतात. ते चेपलेले म्हणजे फ्रेम वाकडीच असं नाही, पण दोरा दोनदा ताणा.

गिअरबॉक्सच्या कवचावरची आरआरटी२ ही अक्षरं म्हणजे कवचाची ओळख, आतल्या मालाची हमी नव्हे. बॉक्स जोडलेला असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाका आणि मोजा: आरआरटी२मध्ये चाकाकडे जाणारा शाफ्ट एकदा फिरायला इंजिनाकडचा साधारण पावणेदोन वेळा फिरतो, साध्या बॉक्समध्ये अडीचच्या वर. याच उंच पहिल्या गिअरमुळे गोल्डी सिग्नलवर क्लच जाळत निघते आणि तिचे भक्त त्याचंही कौतुक करतात. बॉक्स सुटा असेल तर चिकटलेलं ग्रीस पुसा, दात मोजा आणि पार्ट्स बुकाशी ताडून बघा. कार्ब्युरेटर दीड इंची जीपीच हवा, बाजूला टांगलेल्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या) डबीसकट. ती डबी नेहमी हरवलेली असते.

आता ‘ही गाडी टीटी धावली आहे’ या वाक्याबद्दल. टीटीचे जुने निकाल सहज बघायला मिळतात, पण त्यात स्वाराचं नाव आणि गाडीची मेक सापडते, फ्रेम नंबर नाही. म्हणून स्वाराच्या नावावरून गाडीपर्यंत पोचायला मधला पूल लागतो: बिल, लॉगबुक, त्या स्वाराच्या घरचं पत्र, किंवा असा फोटो ज्यातला एखादा घरी बनवलेला ब्रॅकेट, टाकीवरचा पोचा, जादा पाडलेलं भोक आजच्या लोखंडावर बोट ठेवून दाखवता येईल. तसं काही नसेल तर गोष्ट ऐका, दाद द्या, पैसे देऊ नका. मात्र शर्यतीच्या गाडीचे भाग बदलले म्हणून तिला खोटी ठरवू नका. ती हंगामभर तुटायची आणि हाताला लागेल त्यातून पुन्हा उभी राहायची. बदललेला ब्रेक हा इतिहास असू शकतो. बदललेला नंबर हा इतिहास नसतो.

कागदांचं थोडक्यात: रस्त्यासाठी नोंदलेली असेल तर व्ही५सीवरचे (ब्रिटनमधल्या नोंदणीपत्रावरचे) दोन्ही नंबर लोखंडाशी अक्षर-अक्षर ताडा. परदेशातून परत आणलेली असेल तर आयातकर भरल्याचा पुरावा मागा. कधीच न नोंदलेली निव्वळ रेसर असेल तर नोंदणीची खटपट किती आणि कुणाची, ते भावात धरा.

किंमत लावताना बहुतेक जण लिलावाचे निकाल उघडतात. उघडा, पण छापून येणाऱ्या आकड्यात बहुधा खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशनही असतं. ते विकणाऱ्याच्या खिशात जात नाही. शिवाय तो भाव चालू, जोडलेल्या, कागदवाल्या गाडीचा. समजा तशी गाडी शंभराला जाते. तुमच्या कागदांवर जे भाग ‘नाही’ किंवा ‘निकामी’ म्हणून लिहिले गेले त्यांची आजची किंमत भाग विकणाऱ्यांना फोन करून काढा. समजा ती पंचवीस. क्रँक, रिबोअर, व्हॉल्व्ह, बेअरिंगचं लेथवरचं काम पंधरा. चाकं, क्रोम, रंग दहा. उरले पन्नास. यातून आणखी दहा-पंधरा बाजूला काढा, कारण मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) आतून जळालेला असणं आणि कनेक्टिंग रॉडला बारीक चीर असणं गॅरेजात उभं राहून कळत नाही. जो उरेल तो तुमचा वरचा आकडा. नोंदीतली जोडी जुळत नसेल तर सुरुवातच शंभराऐवजी बऱ्याच खालून करा. स्वतःच्या कष्टाचे तास मी धरत नाही. धरले तर कुणीच कधी काही विकत घेणार नाही, आणि बायकोला तो आकडा कळायचीही गरज नाही.

घासाघीस करताना माणसाचा अपमान नको. पुष्कळदा विकणारी मृत मालकाची मुलगी असते, आणि ९५ टक्के हे तिचे नसून वडिलांचे शब्द असतात. तुमची यादी तिच्यासमोर ठेवा, खोकं-खोकं दाखवा. मी ऐकलेला सगळ्यात चांगला नकारही अशा यादीवरच मिळाला होता. तीन महिन्यांनी त्याच घरातून फोन आला.

इसार दिलात तर पावतीवर दोन्ही नंबर लिहून घ्या आणि खोक्यांची संख्याही. गाडीत क्रँककेस आधी चढवा, टाकी चादरीत गुंडाळा, बारीक नटांचा डबा पायाशी ठेवा. निघण्यापूर्वी कामाच्या बाकाखाली एकदा टॉर्च मारायला परवानगी मागा. माझी फ्लोटची डबी तिथेच, रंगाच्या डब्यामागे, कोळ्याच्या जाळ्यात सापडली होती.